पैसे कुठून आणणार, काकू?

महापालिका निवडणुकीतली प्रचारपत्रकं मी रद्दीत घालत नाही. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, तेव्हाचा गठ्ठा अजून कपाटात आहे. उद्यान, विरंगुळा केंद्र, अभ्यासिका, चोवीस तास पाणी, बसप्रवास मोफत, पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराची घरपट्टी माफ. गुळगुळीत कागद, जोडलेले हात, वर नेत्यांच्या मुंडक्यांची रांग. सगळा गठ्ठा चाळला तरी एक गोष्ट सापडत नाही, ती म्हणजे बेरीज. खर्च किती येणार आणि तो कुणाच्या खिशातून जाणार, हे कुणी लिहीत नाही आणि आपणही विचारत नाही.

त्या गठ्ठ्यात एकच पत्रक निराळं आहे. साधा पांढरा कागद, एकाच बाजूला छपाई, फोटो पासपोर्टच्या आकाराचा. ते आमच्या काकूंचं. शहराचं नाव मी घेत नाही, कारण घेतलं तर काकू लगेच ओळखू येतील आणि त्यांना ते आवडणार नाही. 'ड' वर्गातली, म्हणजे सगळ्यात लहान गटातली महापालिका, एवढं पुरे. काकू एका नागरी सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या. उभी नोकरी कर्जप्रकरणं तपासण्यात गेली. सर्वसाधारण महिला जागेवर अपक्ष उभ्या राहिल्या, चिन्ह मिळालं कपबशी. पत्रकावर मथळा होता, 'आपल्या शहराकडे पैसे किती, आणि त्यातले मोकळे किती?' खाली आठ-दहा ओळींत हिशेब. पगार आणि निवृत्तिवेतनाला एवढे, पाणी उपसण्याच्या वीजबिलाला एवढे, कचऱ्याच्या ठेक्याला एवढे, ठेकेदारांची जुनी बिलं एवढी, आणि शेवटी उरतात ते एवढे. उरलेला आकडा बघून त्यांच्या भाच्याने कपाळावर हात मारून घेतला. प्रचाराचं काम तोच बघत होता.

"मावशी, अगं हे वाचून लोक मत देतील की रडतील?"

"आधी वाचू तर देत," काकू म्हणाल्या.

राजकारणाची हौस त्यांना कधीच नव्हती. झालं असं की काही महापालिकांची मुदत २०२० मध्ये संपली, मुंबई-पुण्यासारख्यांची मार्च २०२२ मध्ये. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात रेंगाळले, निवडणुका लांबत गेल्या आणि सगळीकडे प्रशासक बसले. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, तोवर एखाद्या नगरसेवकाची जवळजवळ पूर्ण कारकीर्द होईल एवढा काळ निघून गेला होता. या काळात आयुक्तच प्रशासक. अंदाजपत्रक तयार करणारे तेच, स्थायी समिती म्हणून त्याला मान्यता देणारे तेच आणि सर्वसाधारण सभा म्हणून शिक्का मारणारेही तेच. काकूंना हे सहन होईना. कर्ज मागणारा, प्रकरण तपासणारा आणि मंजुरीची सही करणारा एकच असेल तर त्या बँकेचं काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. बरं, त्या काळात शहर काही बंद पडलं नाही. नळाला पाणी येत होतं, घंटागाडी येत होती. उलट "नगरसेवक नाहीत तेच बरं" असं म्हणणारे मला रोज भेटत. काकूंचा राग नेमका या वाक्यावर होता.

महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायचं कसं, हे मला त्यांनी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शिकवलं. पहिलं म्हणजे आयुक्तांचं भाषण वाचायचं नाही. थेट जमेच्या बाजूला जायचं. प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे जमा-खर्चाच्या बाबीसमोर, रकाने असतात: गेल्या वर्षी प्रत्यक्ष जमा किती, चालू वर्षाचा मूळ अंदाज किती, सुधारित अंदाज किती, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज किती. काकू फूटपट्टी धरून एकेक ओळ खाली सरकत. मालमत्ता कर. प्रत्यक्ष वसुली एवढी, पुढच्या वर्षीचा अंदाज तिच्या दीडपट. "का बरं? घरं दीडपट झाली? दर वाढवले? वसुलीला माणसं वाढवली?" तिन्हींचं उत्तर नाही असेल तर त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीचा ठिपका पडायचा. पान संपेपर्यंत गोवर उठल्यासारखं दिसे.

हे असं का होतं याचं कारण गंमतीदार आहे. महापालिकेला कायद्याने तुटीचं अंदाजपत्रक करता येत नाही, वर्षअखेर शिल्लक दिसलीच पाहिजे. आयुक्त आपला आकडा मांडतात. मग स्थायी समितीत सदस्यांच्या कामांच्या याद्या येतात, त्यानंतर सर्वसाधारण सभेत आणखी याद्या. एकाही यादीला नाही म्हणायची सोय नसते. खर्च वाढला की जमा वाढवावी लागते, आणि कागदावर जमा वाढवायला पेन पुरतं. अंदाजपत्रक फुगतं ते असं. पुढे वर्षभर कामांना 'तरतूद' असते पण तिजोरीत पैसे नसतात, बिलं थकतात आणि थकलेली बिलं पुढच्या वर्षाच्या डोक्यावर 'दायित्व' म्हणून बसतात. डिसेंबर उलटला की वर्गीकरणाचे प्रस्ताव सुरू होतात. अमुक लेखाशीर्षाखालचे पैसे खर्च होत नाहीत, ते तमुककडे वळवा. ड्रेनेजच्या नळाचे पैसे पेव्हर ब्लॉककडे गेले, हे बातमीतून कळण्याआधी वर्गीकरणाच्या विषयपत्रिकेत कळतं. ती पत्रिका कोण वाचतं? काकू वाचत. त्या बाकी टीव्हीवरच्या मालिकाही तितक्याच निष्ठेने बघतात, तेव्हा त्यांना संत वगैरे समजू नये.

बाकड्यांचा विषय काढला नाही तर हा लेख अपुरा राहील. नगरसेवकाला आपल्या प्रभागातल्या कामांसाठी जे पैसे मिळतात त्याला पुण्यात 'स' यादी म्हणतात, आमच्याकडे सरळ नगरसेवक निधी. त्यातून येतात बाकडी, ज्यूटच्या पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, चौकातलं 'संकल्पनेतून साकार' असं लिहिलेलं स्वागतद्वार आणि ज्या गल्लीत कुणी बाहेरचा कधी येत नाही तिथेही दिशादर्शक फलक. एकेका बाकाच्या पाठीवर नाव असतं. काकूंच्या इमारतीसमोर अशी तीन बाकडी आहेत, तीन वेगवेगळ्या कारकिर्दींची, आणि बसायला जागा एकावरच, कारण दुसऱ्याच्या फळ्या गेल्यात आणि तिसरं गटाराकडे तोंड करून आहे.

जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, ज्यांनी पाहिली त्यांना शहराच्या पैशाची गोष्ट चटकन समजते. शहराच्या वेशीवर नाका, ट्रकची रांग, पावत्या फाडणारा कारकून, आणि रात्रीच्या अंधारात जे काय चालायचं ते. वाईट कर होता, त्याबद्दल दुमत नाही. पण तो शहराचा स्वतःचा होता आणि रोजच्या रोज रोख जमा व्हायचा. मग जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, आंदोलनं केली. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी रद्द झाला. मुंबईत जकात टिकली ती १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत. त्यानंतर महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते, दरमहा, २०१६-१७ हे वर्ष पाया धरून आणि दर वर्षी आठ टक्के वाढ धरून. आठ टक्के काही वाईट नाहीत. पण शहर वाढो, आटो, बाजारपेठ फुलो किंवा बसो, त्या अनुदानाला त्याचं काही देणंघेणं नाही. आमच्यासारख्या शहरात जमेच्या बाजूला सगळ्यात मोठा आकडा हाच. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला राज्याकडून पैसे आले तर पगार वेळेवर. आता नाका नाही, फक्त बसथांब्याचं नाव 'जकात नाका' राहिलंय.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना कामांची यादी दिली, बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. कर कोणते बसवायचे ते मात्र राज्याने ठरवायचं. कामं आपली आणि किल्ली दुसऱ्याकडे, ही नगरसेवकाची खरी अडचण. ती मतदाराला सांगणारा उमेदवार मी तरी काकूंशिवाय पाहिला नाही, कारण ती सांगितली की उरलेल्या पत्रकातली हवाच निघते.

प्रचाराला मी त्यांच्याबरोबर काही संध्याकाळी फिरले. एका जुन्या वाड्यात एका आजोबांनी त्यांना बसवून घेतलं आणि घडी पडलेलं घरपट्टीचं बिल समोर ठेवलं. "तुम्ही बँकेतल्या ना? मग हे वाचा." काकूंनी चष्मा बदलला आणि ओळीने वाचायला घेतलं. सामान्य कर, जललाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, वृक्ष उपकर, शिक्षण उपकर. शिक्षण उपकराशी आल्यावर त्या थांबल्या. "हे महापालिका गोळा करते, पण ते राज्याला जातात." आजोबा चकित. आणि शेवटी शास्ती. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. मूळ कर त्या ढिगाखाली सापडेनासा झाला होता. आजोबांचा प्रश्न साधा होता. "दर दोन वर्षांनी अभय योजना येते, शास्ती माफ होते. मग वेळेवर भरणारा मूर्ख का?"

काकू म्हणाल्या, "हो. आत्तापर्यंत तसंच आहे. मी निवडून आले तर अभय योजनेच्या विरोधात मत देईन."

आजोबांचं स्वतःचं बिल थकलेलं. ते क्षणभर बघत राहिले आणि मग खो खो हसले. चहा मात्र आग्रहाने पाजला. मत दिलं का, कोण जाणे.

घराघरांत सगळ्यांत जास्त आला तो प्रश्न पाचशे फुटांचा. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, मग आपल्याला का नाही? समोरच्या तिन्ही पॅनेलनी ते आश्वासन देऊनही टाकलेलं. काकूंचं उत्तर ठरलेलं. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं आहे, काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं. पुण्याचं त्याच वर्षीचं १२,६१८ कोटींचं. आपलं पुण्याच्या पासंगालाही पुरत नाही. आपल्या शहरात पाचशे फुटांच्या आतली घरं इतकी आहेत की ती वगळली तर बिल पाठवायचं कुणाला? हे ऐकून बायका मान डोलवत. घरखर्चाचं गणित त्यांना नवं नाही. पण दार लागताना कुणीतरी म्हणायचंच, "त्या काकू बरोबर बोलतात, पण देणार तर काही नाहीत."

इथे माझं आणि काकूंचं वाजायचं. फुकट काही नको, हे त्यांचं तत्त्व. मला ते पटत नाही. शहर म्हणजे बँक नव्हे. महापालिकेचा दवाखाना, शाळा, सार्वजनिक शौचालय, बस यांनी नफा कमवावा अशी अपेक्षाच चुकीची. तोट्यात चालण्यासाठीच त्या गोष्टी असतात, आणि तो तोटा कुणासाठी सोसायचा हे ठरवायला तर निवडणूक घ्यायची. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारखीची घरपट्टी माफ करण्यापेक्षा धुणीभांडी करायला तीन बस बदलून येणाऱ्या बाईचं तिकीट माफ करा, मी म्हणे. काकू म्हणत, "कर ना. पण पत्रकात त्याच्याच खाली लिही की ते पैसे कशातून काढणार." एवढ्यावर माझा मुद्दा संपायचा, कारण त्यांनी तिकीट नाकारलेलंच नसायचं.

कर्जरोख्यांबद्दल मात्र त्या माझ्याहून धीट निघाल्या. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने, आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले. मला वाटायचं, कर्ज काढणारी महापालिका म्हणजे बुडायला निघालेली. काकूंचं म्हणणं, रोखे काढायचे तर पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीची श्रेणी, लागतं, पतमानांकनाला लेखे वेळेवर लागतात आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप वर्षानुवर्षं कपाटात ठेवून चालत नाही. नगरसेवकांना जे हिशेब दाखवले जात नाहीत, ते गुंतवणूकदाराला दाखवावे लागतात. हे म्हणताना त्यांना आनंद होत होता की वाईट वाटत होतं, मला सांगता येणार नाही.

नगरपालिकेत पैशावरून एकट्याने 'नाही' म्हणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. बत्तीस सदस्यांमध्ये विरोधात मत एकट्या जोतीरावांचं. ते पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. मंडईच्या मोठ्या इमारतीवर होणाऱ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. ती इमारत झाली, रे मार्केट म्हणून उघडली, आणि आज तिचं नाव महात्मा फुले मंडई आहे. ही गोष्ट मी काकूंना मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सरकारनियुक्त होते गं. मतं मागायला दारोदार जावं लागलं असतं तर स्वागताचा विषय निघाल्यावर लोक म्हणाले असते, आमच्या आळीत कमान कधी?" जोतीराव लोकांनाही सुनवायला कमी करत नसत, हे त्यांना सांगायचं माझं राहून गेलं.

निवडणूक लढवण्याचा खर्च हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, थोडक्यात सांगते. अर्ज भरतानाच दमछाक होते. महापालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापरत असल्याचं प्रमाणपत्र, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, अपत्यांचं घोषणापत्र, सूचक, अनुमोदक, निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं. खर्चाची मर्यादा मुंबई, पुणे, नागपूरला पंधरा लाख, आमच्यासारख्या शहरात नऊ लाख. निवडणूक कार्यालय दरपत्रक देतं. चहाचा कप, वडापाव, खुर्ची, मांडव, रिक्षावरचा भोंगा, सगळ्याचे दर ठरलेले, त्याप्रमाणे रोजचा खर्च लिहायचा. काकूंची वही इतकी चोख की भाच्याने स्वतःच्या पैशाने प्यायलेला चहासुद्धा तिच्यात चढला. समोरच्या पॅनेलच्या सभेला मैदान भरलं, जेवणावळी उठल्या, आणि त्यांचाही खर्च मर्यादेच्या आतच बसला. दरपत्रकातल्या दराने तेवढी माणसं कशी जेवली, हे काकूंनी चार वेळा गुणाकार करून पाहिलं.

आणि पॅनेल पद्धत. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी चार-चार जागांचा प्रभाग. मतदाराने चार मतं द्यायची, अ, ब, क, ड अशी. पक्षाचं काम सोपं, चारही वेळा एकच चिन्ह दाबा. अपक्षाला मात्र सांगावं लागतं, "तीन कुणालाही द्या, ब मधलं कपबशीला द्या." हे वाक्य म्हाताऱ्या माणसाला समजावता समजावता जिन्यावरचा दिवा जायचा. प्रभाग एवढा पसरलेला की पलीकडच्या टोकाच्या वस्तीत काकू पोचल्याच नाहीत. तिथे कुणी येऊन काय वाटून गेलं, ते मी इथे लिहीत नाही. पुरावा नाही.

काकू पडल्या. अनामतही गेली. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी त्या खर्चाचा अंतिम हिशेब भरायला बसल्या, निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा असतो म्हणून. पडलेल्याने तो नाही दिला तरी काय फरक पडतो, असं भाचा म्हणाला. हिशेब नाही दिला तर पुढे निवडणूक लढवायला अपात्र ठरवतात, हे काकूंनी त्याला सुनावलं. म्हणजे पुढचाही विचार आहे की काय, असं आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून ताडलं. विचारायची छाती झाली नाही.

मग त्यांनी प्रभागातल्या चारही विजयी उमेदवारांना पत्र लिहिलं. अंदाजपत्रक येईल तेव्हा तीन गोष्टी विचारा: मालमत्ता कराची प्रत्यक्ष वसुली किती, ठेकेदारांची थकीत बिलं किती, आणि गेल्या वर्षी वर्गीकरणाने किती पैसे कुठून कुठे गेले. तिघांकडून काही आलं नाही. चौथ्याचा फोन आला. तिशीतला मुलगा, पहिल्यांदाच निवडून आलेला. आधी म्हणाला, "काकू, आशीर्वाद असू द्या." मग जरा थांबून, "ते वर्गीकरण म्हणजे नक्की काय असतं?"

रविवारी तो आला. बरोबर दोन कार्यकर्ते, दोघेही फोनवर. काकूंनी गेल्या वर्षीचं पुस्तक उघडून फूटपट्टी ठेवली आणि जमेच्या पानापासून सुरुवात केली. पहिली पंधरा मिनिटं त्याने खरोखर मन लावून ऐकलं, प्रत्यक्ष आणि अंदाज यांतला फरक स्वतःच्या मोबाइलवर काढून पाहिला, आकडा बघून शिट्टीही वाजवली. मग पुस्तक स्वतःकडे ओढून खर्चाच्या बाजूची पानं भराभर उलटत त्याने विचारलं, "काकू, यात माझ्या प्रभागाला किती आलेत ते कुठे दिसतं?"

काकूंनी पुस्तक परत आपल्याकडे ओढलं. "ते पान शेवटी. आधी दायित्व बघू."